भुईकोट, फितुरी आणि मुक्तस्रोत : उघड्या संगणकप्रणालीची राखण कोण करतो?

#थ्रेड 🧵

१/ नांदेड जिल्ह्यातील कंधार, लातूर जिल्ह्यातील औसा आणि उदगीर हे तिन्ही भुईकोट किल्ले. डोंगरी किल्ल्याचे निम्मे रक्षण कडेकपारी करतात; सपाटीवरच्या किल्ल्याला ते भाग्य नाही. आजचा विषय आहे मुक्तस्रोत संगणकप्रणालींतील सुरक्षात्रुटींचा इतिहास. तो समजून घेताना आपले भुईकोट फार उपयोगी पडतात.

२/ औसा किल्ला खोलगट जागी वसला आहे. आतून दूरवरचे सैन्य दिसते. बाहेरच्याला मात्र किल्ल्याचा फारसा भाग दिसत नाही. तरीही बांधणाऱ्यांनी केवळ लपण्यावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी रुंद खंदक खणला, दुहेरी तट उभारला. शत्रूला रचना कळली तरी किल्ला लढवता आला पाहिजे, हे त्यातले शहाणपण.

३/ हाच विचार १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने सांकेतिक लेखनाबाबत मांडला. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आधुनिक संगणकसुरक्षा आजही या तत्त्वाला मानते.

४/ मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, प्रणालीचा कोड कोणालाही वाचता, तपासता आणि सुधारता येतो. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेले लिनक्स आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आहे. २०१५ मध्ये भारत सरकारने शासकीय कामात मुक्तस्रोत स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली घडवली.

५/ मग उघडे ते असुरक्षित आणि बंदिस्त ते सुरक्षित, असे मानावे काय? जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो पसरण्यास साहाय्यभूत ठरलेली एक त्रुटी विंडोज या बंदिस्त प्रणालीतली होती. म्हणजे कोड झाकल्याने भगदाड बुजत नाही.

६/ परंतु उघडेपणाही आपोआप रक्षण करीत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ उघडकीस आली. संकेतस्थळांशी होणारा व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मधील ही त्रुटी. एका चुकलेल्या तपासणीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परक्याला वाचता येई. मार्च २०१२ पासून ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

७/ डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४शेल’ आली. ‘लॉग४जे’चे काम केवळ नोंदी ठेवण्याचे. कल्पना करा : वेशीवरचा कारकून येणाऱ्याचे नाव विचारतो. पाहुणा नावाऐवजी एक हुकूम सांगतो आणि कारकून तो लिहून घेता घेता अमलातही आणतो! नेमके हेच घडत होते. धोक्याच्या मोजपट्टीवर हिला १० पैकी १० गुण मिळाले.

८/ दोन्हींच्या मुळाशी एकच दुखणे होते. वापरणारे अब्जावधी, राखणारे मूठभर. हार्टब्लीडपूर्वी ओपनएसएसएलवर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता आणि वर्षाच्या देणग्या सुमारे २,००० डॉलर. लॉग४जेचा भारही मुख्यतः स्वयंसेवकांवरच. ज्या तटाची डागडुजी होत नाही, त्यात पिंपळ उगवणारच.

९/ आता थोडे दक्षिणेकडे जाऊ. १६८७. औरंगजेबाच्या फौजा सुमारे आठ महिने गोवळकोंड्याला वेढा घालून बसल्या होत्या. सुरुंग लावले, तोफा डागल्या, किल्ला पडेना. अखेर सप्टेंबरमधील एका रात्री अब्दुल्ला खान पनी या आतल्याच सरदाराने दरवाजा उघडून दिला. तटात उणीव नव्हती. फितुरीने काम साधले.

१०/ मुक्तस्रोताच्या इतिहासातील गोवळकोंडा म्हणजे २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण. फायली संकुचित करणारे हे छोटे साधन एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणी मदतीला आले. दोनेक वर्षे चोख काम करून विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्या नावामागे कोण होते, हे आजही उघड नाही.

११/ तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. कोड उघडा होता म्हणूनच त्याला तळापर्यंत जाता आले. मात्र त्या रात्री गस्तीवर एक जागा माणूस होता, हेही तितकेच खरे.

१२/ तात्पर्य : उघडा कोड पाहण्याची मुभा देतो, पाहणारा पुरवीत नाही. बँका, रुग्णालये, परीक्षांचे निकाल यांचा भार ज्या कोडवर आहे, तो नांदेडच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही आज ओळ न ओळ वाचता येतो. आपल्या पिढीला अशी सनद मिळाली आहे. सनदेबरोबर पहाऱ्याचे कर्तव्यही येते.

आपल्या परिसरातील एखादा किल्ला कशामुळे पडला : तोफेने, उपासमारीने की फितुरीने? उत्तरांत जरूर लिहा. 🙏