दप्तरें कशीं उघडलीं ?

सन १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनानें सनदा तपासल्या व कित्येक इनामें खालसा झालीं. तेव्हांपासून परक्यास कागद दाखविणें जुन्या घराण्यांस धोक्याचें वाटे. हें भय नुसत्या विनंतिपत्रांनीं जाणारें नव्हतें. सन १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापतांना कै. राजवाडे यांनीं प्रस्तावनांतून कागद कोठें व कसे सांपडले ही हकीकतहि सांगितली. सन १९१० त पुण्यास स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे लोकांनीं विश्वासानें रुमाल सोंपविले, त्याच्या मुळाशीं आमच्या मतें या हकीकतीच आहेत. मात्र त्या रंगवूं नयेत. स्थळ वा धनी चुकीचा छापला, तर त्या गांवीं दुसरी पेटी उघडणार नाहीं. संग्राहकांनीं आपल्या प्रत्येक रुमालावर त्याचें मूळ घर आजच लिहून ठेवावें, ही आमची विनंति आहे.