तरंगंबाडीची गाणी, तंजावरची मंडळी

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन पाळक वारले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. मंडळीने वाटेत गीत म्हणत जायचे ठरवले होते, पण बागेत लोटलेल्या गोरगरिबांच्या आकांतात ते गाणे कुणाच्या तोंडून फुटेना. शवपेटी बंद होण्याआधी शेवटचे दर्शन घ्यायला सरफोजीराजे भोसले आले. त्यांनी डोळ्यांतले पाणी आवरले नाही आणि शवावर जरीचे वस्त्र पांघरले. गादी मिळायला तेव्हा त्यांना आणखी काही महिने होते. दत्तक म्हणून डावलल्या गेलेल्या या राजपुत्राचा सांभाळ आणि शिक्षण श्वार्ट्झ यांनी पाहिले होते.

एका मराठी राजाला लूथरन पाळकाविषयी इतकी माया वाटावी, यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो मिशनांच्या अहवालांत सापडतो, तसा गाण्यांतूनही सापडतो. या मंडळीची श्रद्धा समजून घ्यायची तर ती काय गात होती, हे आधी पाहावे लागते.

सुरुवात होते तरंगंबाडीत. कोरोमंडल किनाऱ्यावरचे हे गाव १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश व्यापाऱ्यांना करारावर दिले आणि तिथे डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली, डेन लोक मात्र तिथेच राहिले. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले बार्थोलोमेव झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुट्शाउ हे दोन तरुण जर्मन ९ जुलै १७०६ रोजी तिथे उतरले. प्रोटेस्टंट पंथाचे हे भारतातले पहिले मिशनरी. झिगेनबाल्ग मुलांच्या पंगतीत वाळूवर बसून बोटाने तमिळ अक्षरे गिरवायला शिकला. वर्षभरात पहिले बाप्तिस्मे झाले, तेही डॅनिश घरांत राबणाऱ्या गुलामांचे. किल्ल्याच्या कमांडंटला झिगेनबाल्गचे वागणे खपले नाही आणि त्याने त्याला चार महिने कोठडीत ठेवले. तरीही इंग्लंडहून आलेल्या छापखान्यावर तमिळ नवा करार छापला गेला. १७१८ मध्ये ‘न्यू जेरुसलेम’ हे देऊळ बांधून पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, झिगेनबाल्ग त्याच देवळात पुरला गेला.

मार्टिन लूथरने सोळाव्या शतकात उपासनेत एक मोठा बदल केला होता. मंडळीने आपल्या भाषेत, सगळ्यांनी मिळून गायचे, असा त्याचा आग्रह होता आणि १५२४ पासून त्याच्या पंथाची गीतपुस्तके छापून येऊ लागली. झिगेनबाल्ग ज्या हाल्ले गावाच्या भक्तिपरंपरेतून आला, तिथेही १७०४ मध्ये एक नवे, भरगच्च गीतपुस्तक निघाले होते. तरंगंबाडीत साहजिकच पहिली गाणी जर्मन चालींवर रचली गेली. शब्द तमिळ, चाल जर्मन. पुढे मद्रासच्या योहान फिलिप फाब्रिसियस यांनी अशा भाषांतरांना इतके रेखीव रूप दिले की लूथरन घराघरांत ती पाठ झाली. या गाण्यांना तमिळ ख्रिस्ती ‘ज्ञानपाट्टु’ म्हणतात, म्हणजे ज्ञानाची गाणी.

या उपासनेला एक काळी किनार होती. राजनायक्कन हा तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेतला शिपाई, जन्माने परैयर, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीचा. तरंगंबाडीच्या छापखान्यातली पुस्तके वाचून तो लूथरन झाला आणि चाकरी सोडून तंजावर प्रांतात उपदेशक म्हणून फिरू लागला. त्याच्या कष्टांवर तिथल्या मंडळ्या वाढल्या. १७३३ मध्ये आरोन या पहिल्या भारतीय प्रोटेस्टंट पाळकाला दीक्षा मिळाली, तो वरच्या मानलेल्या वेळ्ळाळ जातीचा होता. १७४१ मध्ये दुसरा पाळक नेमायची वेळ आली, तेव्हा राजनायक्कनचे नाव मागे पडले. त्याच्या हातचे प्रभुभोजन वरच्या जातीचे लोक घेणार नाहीत, अशी मिशनऱ्यांना धास्ती वाटली. दीक्षा दिओगो नावाच्या दुसऱ्या उपदेशकाला मिळाली. राजनायक्कन जन्मभर उपदेशकच राहिला. देवळातही वेळ्ळाळ एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला बसत. एकच गीत दोन बाजूंनी म्हटले जाई.

श्वार्ट्झ १७५० मध्ये आले आणि आधी तिरुचिरापल्लीत, मग तंजावरात स्थिरावले. तमिळ, फारसी आणि दरबारची मराठीही ते शिकले. १७७९ मध्ये इंग्रजांचा संदेश घेऊन ते श्रीरंगपट्टणला हैदरअलीकडेही जाऊन आले. पण या मंडळीला त्यांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे तिरुनेलवेलीहून शिकायला आणलेला एक बारा वर्षांचा मुलगा, वेदनायकम्.

वेदनायकम् शास्त्रियार १७७४ मध्ये जन्मले आणि तब्बल नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले. ते तंजावरच्या मिशनशाळेचे प्रमुख होते आणि कवी म्हणून दरबारातही त्यांना मान होता. त्यांनी जर्मन चाली टाकून दिल्या नाहीत, पण त्यांच्या शेजारी कर्नाटक रागतालांतली कीर्तनै आणून बसवली. इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. तमिळ ‘कीर्तनै’ म्हणजे आपले कीर्तन नव्हे, पल्लवी-चरणांची गेय रचना. आपल्या कीर्तनाच्या जवळ जाणारे ते कथाकालक्षेप: गायचे, मध्येच कथा सांगायची, पुन्हा गायचे. शास्त्रियार तेही करत, फक्त कथा बायबलातली असे.

१८०० च्या सुमारास त्यांनी ‘बेत्लेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तंजावर दरबाराचा लाडका नृत्यनाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेला कुरवर जमातीची स्त्री हात पाहून भविष्य सांगते. शास्त्रियारांची नायिका देवमोहिनी बेत्लेहेमच्या प्रभूवर अनुरक्त आहे. या नाटकात पृथ्वीचा भूगोल येतो आणि सूर्याभोवती फिरणारे कोपर्निकसचे ग्रहही येतात. मिशनशाळेत शिकवलेले नवे शास्त्र कवीने थेट भक्तीच्या नाटकात ओवले. सरफोजीराजांचे मराठी नाटक ‘देवेंद्र कुरवंजी’ याच सांध्यावर उभे आहे. तिथे कुरवर स्त्री चक्क जगाचा भूगोल सांगते. एकाच गुरूच्या छायेत वाढलेल्या दोघांनी, एकाने तमिळमध्ये आणि दुसऱ्याने मराठीत, एकाच साच्यात नवे ज्ञान ओतले. तंजावरच्या मराठी वाङ्मयाविषयी बोलताना ही जोडी एकत्र ठेवून पाहिली जात नाही, याची खंत वाटते.

राजांनी शास्त्रियारांना बृहदीश्वरावर काव्य रचायला सांगितले आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले, अशी आठवण परंपरेने जपली आहे. तरीही त्यांचा राजाश्रय तुटला नाही.

तुटले ते मंडळीतच. १८२० नंतर तंजावरचे मिशन अँग्लिकन संस्थेकडे गेले. नव्या दमाचे मिशनरी आले आणि सुधारणांना लागले. फाब्रिसियसचे बायबल बाजूला सारून नवे भाषांतर आणायचे, जुनी गाणी आणि उपासनेचा जुना क्रम बदलायचा, सणावारी फुले आणि वाद्ये बंद करायची, आणि जातवार बसणे मोडायचे. शास्त्रियार या सगळ्याविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले आणि १८२९ मध्ये त्यांची नोकरी गेली. गाण्यांच्या बाबतीत ते बरोबर होते. तीन पिढ्यांनी आजारपणात, लग्नात, मरणघरी म्हटलेले शब्द कुणी वरून आदेश काढून बदलू शकत नाही. जातीच्या बाबतीत मात्र ते चुकले. राजनायक्कनला अडवणाऱ्या भिंतीचेच समर्थन त्यांनी केले, आणि त्यांच्या काव्यावर प्रेम करणाऱ्याने हे झाकू नये.

जातीच्या वादातून दुरावलेली अनेक वेळ्ळाळ कुटुंबे पुढे लाइपझिग मिशनकडे, म्हणजे पुन्हा लूथरन उपासनेकडे परतली. डेन्मार्कने १८४५ मध्ये तरंगंबाडी इंग्रजांना विकली. १४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च स्थापन झाले. त्याच्या बिशपच्या पदाला आजही तरंगंबाडीचे नाव आहे.

आणि गाणी? ती भलत्याच वाटेने टिकली. अमेरिकन मदुरा मिशनचे एडवर्ड वेब यांना परक्या चालींवर तमिळ मंडळीचा सूर लागत नाही, असे जाणवले. ते ऐंशीला टेकलेल्या शास्त्रियारांकडे गेले, त्यांची कीर्तनै मिळवली आणि १८५३ मध्ये संग्रह छापला. वेब ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याच बोर्डाचे मराठी मिशन अहमदनगरला होते. १८६० च्या दशकात तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतही टाळ-मृदंगावर येशूची कथा उभी राहू लागली. तमिळ देवळात आज कीर्तनै आणि ज्ञानपाट्टु दोन्ही म्हटली जातात, आणि एकाच रविवारी एका गाण्याला हाल्लेच्या परंपरेतली चाल असते, तर दुसऱ्याला तंजावरचा ताल.