मॉरिशस : वारशांचे राष्ट्र आणि राष्ट्राची भाषा

प्रस्तावना

मॉरिशसचा उल्लेख मराठी लेखनात बहुधा कौतुकाने केला जातो. हिंदी महासागरातील या लहानशा बेटावर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शासकीय प्राथमिक शाळांतून मराठी शिकविली जाते, याचा आपणांस आनंद वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या समाजात ही मराठी टिकून आहे, त्या समाजाने 'आपण कोण?' या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. पूर्वजांचा वारसा आणि समान राष्ट्रीय ओळख यांतील तणाव तेथे राज्यघटना, जनगणना आणि शाळा या तिन्ही ठिकाणी कसा प्रकट झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मूलनिवासी नसलेला समाज

मॉरिशसला मूलनिवासी लोक नाहीत. डचांनी 1638 मध्ये केलेली वसाहत 1710 मध्ये सोडून दिली. 1721 पासून फ्रेंचांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून मळे उभारले. मालक आणि गुलाम यांच्या व्यवहारातून फ्रेंच शब्दसंग्रहावर आधारलेली क्रिओल भाषा याच बेटावर घडली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तरी तेथील रहिवाशांचे कायदे, धर्म व रीतिरिवाज अबाधित ठेवण्याचे त्यांनी मान्य केले. त्यामुळे सत्ता इंग्रजांची, मळे फ्रेंच वंशीयांचे आणि बोली गुलामांची, अशी रचना निर्माण झाली.

1835 मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. तत्पूर्वीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, कलकत्त्याहून निघालेल्या 'ॲटलस' जहाजातून 36 करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. पुढील सुमारे पाऊण शतकात जवळजवळ साडेचार लाख भारतीय या बेटावर आले. कलकत्ता व मद्रास यांच्या तुलनेत मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या कमी होती. आजचा मराठी समाज मुख्यतः त्यांचाच वंशज असून त्यांत कोकणातील लोकांचा मोठा भरणा होता. ऊसमळ्यांवर भारतीयांची बहुसंख्या झाली. परंतु शेजाऱ्याशी, मुकादमाशी आणि दुकानदाराशी बोलण्याची भाषा क्रिओलच राहिली.

घटनेने केलेली वर्गवारी

1959 मध्ये प्रौढ मताधिकारानुसार निवडणूक झाली आणि स्वातंत्र्य दृष्टिपथात आले. त्याबरोबरच बहुसंख्याक हिंदूंच्या वर्चस्वाची भीती इतर समाजांत बळावली. 7 ऑगस्ट 1967 च्या निवडणुकीत सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी आघाडीने बहुमत मिळविले. तथापि सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्यास विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली. जानेवारी 1968 मध्ये पोर्ट लुई येथे क्रिओल व मुस्लिम गटांत दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैन्य पाचारण करावे लागले. 12 मार्च 1968 रोजी राष्ट्राचा जन्म झाला तो या पार्श्वभूमीवर.

भीतीवर घटनात्मक उपाय शोधण्यात आला. थेट निवडून येणाऱ्या 62 सदस्यांव्यतिरिक्त, पराभूत उमेदवारांतून कमाल 8 जागा भरून अल्प प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना न्याय देण्याची ही तरतूद होती. त्यासाठी घटनेच्या परिशिष्टात हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन हे तीन समाज मानण्यात आले. 'जीवनपद्धतीवरून' या तिन्हींपैकी कोणत्याही समाजातील न दिसणारी प्रत्येक व्यक्ती 'सर्वसामान्य लोकसंख्या' या चौथ्या समाजात गणली गेली. या वर्गवारीची तर्कसंगती तपासली असता ती एकाच तत्त्वावर आधारलेली नाही, हे लक्षात येते. पहिल्या दोन वर्गांचा आधार धर्म, तिसऱ्याचा मूळ देश, तर चौथा म्हणजे केवळ उरलेले लोक. परिणामी पूर्वीच्या मळेमालकांचे आणि त्यांच्याच गुलामांचे वंशज एका रकान्यात आले. मराठी, तमिळ व तेलुगू भाषक हिंदूंना मात्र घटनेत स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

या तरतुदीने सत्तेत वाटा मिळण्याची हमी दिली, हे मान्य करावे लागेल. 1968 नंतर या देशात लोकशाही मार्गानेच सत्तांतरे झाली, यात तिचाही वाटा आहे. परंतु उमेदवाराला आपला समाज जाहीर करणे बंधनकारक झाले आणि 'मी केवळ मॉरिशियन आहे' असे म्हणण्यास कायद्यात जागा उरली नाही. 1982 मध्ये जनगणनेतील समाजविषयक प्रश्न वगळण्यात आला. पण जागांचे गणित 1972 च्या आकड्यांवरच चालू राहिले. समाज जाहीर न केल्याने 2005 मध्ये उमेदवारी नाकारल्या गेलेल्यांनी दाद मागितली असता, 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. 2014 च्या निवडणुकीपुरती सवलत देण्यात आली. मूळ व्यवस्था मात्र कायम राहिली.

भाषेचा प्रश्न

'एक जनता, एक राष्ट्र' या घोषणेचा पुरस्कार करणाऱ्या मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट या पक्षाच्या आघाडीने 1982 मध्ये 60 पैकी 60 जागा जिंकल्या. क्रिओल ही वंशाची नव्हे, तर साऱ्या देशाची भाषा होय, असा या पक्षातील अनेकांचा आग्रह होता. मार्च 1983 मध्ये राष्ट्रगीताचे क्रिओल रूप प्रसारित झाल्यावरून वाद पेटला आणि त्याच महिन्यात सरकारमध्ये फूट पडली. इंग्रजी राष्ट्रगीतास कोणाचा आक्षेप नव्हता, कारण इंग्रजी कोणाचीच नव्हती. क्रिओल सर्वांची असूनही ती एका समाजाची समजली गेली.

भारतीय भाषांबाबत उलट घडले. 1995 मध्ये प्राथमिक परीक्षेच्या गुणानुक्रमात पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत, यासाठी अनिरुद्ध जगन्नाथ सरकारने घटनादुरुस्ती मांडली. नामांकित माध्यमिक शाळांतील प्रवेश या गुणानुक्रमावर ठरत असल्याने, अशी भाषा न शिकणाऱ्या क्रिओल मुलांवर अन्याय होईल, अशी हरकत घेण्यात आली. दुरुस्ती फेटाळली गेली, संसद विसर्जित झाली आणि डिसेंबरमधील निवडणुकीत सरकारचा धुव्वा उडाला. 1998 मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला, तेव्हा तमिळ समाजाच्या निषेधामुळे त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. फेब्रुवारी 1999 मध्ये काया या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि अनेक दिवस दंगली झाल्या. राष्ट्राच्या प्रगतीत आपल्याला स्थान नाही, ही क्रिओल समाजाची भावना त्यातून व्यक्त झाली.

जनगणनेचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. घरी क्रिओल बोलणाऱ्यांचे प्रमाण 2000 मधील सुमारे 70 टक्क्यांवरून 2011 मध्ये 84 टक्क्यांवर गेले. भोजपुरीचे 12 वरून 5 टक्क्यांवर आले. अर्थात मराठी कुटुंबांतील मुलांचीही घरची भाषा आता प्रामुख्याने क्रिओल आहे. तेथे मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून शिकली जाते. इतकेच नव्हे, तर जनगणनेच्या धर्मविषयक रकान्यात काही जण 'मराठी' असेच उत्तर नोंदवितात. भाषेचे नाव येथे पूजाविधी, सण आणि समाज यांची खूण झाले आहे.

2012 मध्ये क्रिओलला प्राथमिक शाळेत प्रवेश मिळाला, तो हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी आदी भाषांच्या पंक्तीतील एक ऐच्छिक विषय म्हणून. म्हणजे ज्या भाषेत जवळजवळ सारा देश बोलतो, तिलाही शाळेत येण्यासाठी 'कोणाचा तरी वारसा' व्हावे लागले. स्मारकांबाबतही हीच वाटणी दिसते. करारबद्ध मजुरांचे 'आप्रवासी घाट' 2006 मध्ये, तर पळालेल्या गुलामांचा आश्रय असलेला ल मॉर्न पर्वत 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. दोन्ही स्थळांचा सन्मान यथोचितच आहे. परंतु ज्या ऊसमळ्याने या दोन्ही दुःखांना जन्म दिला, तो एकच होता.

समारोप

वारसा आणि राष्ट्र यांत मूलतः वैर आहे, असा निष्कर्ष मॉरिशसच्या इतिहासावरून काढता येत नाही. अडचण निराळी आहे. बाहेरून आणलेले ते सारे या राज्यव्यवस्थेने वारसा म्हणून मान्य केले. बेटावर सर्वांनी मिळून घडविलेल्याला मात्र तसे स्थान दिले नाही. समाजांना संरक्षण देणारी वर्गवारी भीती कमी करण्यासाठी आली. पण भीती ओसरल्यावर ती वर्गवारी कशी मागे घ्यावी, याची तरतूद तीत नव्हती.

मॉरिशसमधील मराठीकडे पाहताना आपणही हे भान ठेवावयास हवे. ती महाराष्ट्राची दूरची शाखा नव्हे. घरात क्रिओल बोलणाऱ्या आणि देव्हाऱ्यापुढे मराठी आरती म्हणणाऱ्या मॉरिशियन नागरिकांची ती ठेव आहे. तिचा अभ्यास त्या बेटाच्या इतिहासाचा भाग म्हणून झाला, तरच तिच्या टिकण्याचे आणि बदलण्याचेही खरे मोल आपल्याला कळेल.