मोशेचा सर्प आणि शेजाऱ्याचे देऊळ

वाशीम हे नगर प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने विख्यात होते. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. याच नगरात सन १७७९ च्या सुमारास साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचे मंदिर उभारले. तेथील मूर्ती औरंगजेबाच्या काळात भयापोटी जमिनीत पुरून ठेवल्या होत्या व पुढे कित्येक वर्षांनी त्या सापडल्या, अशी आख्यायिका येथे सांगतात. अशा नगरीच्या सान्निध्यात राहणारे आम्ही मोजके ख्रिस्ती जन जेव्हा दहा आज्ञांतील मूर्तिविषयक आज्ञा वाचतो, तेव्हा ती नेमकी कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न केवळ पांडित्याचा उरत नाही.

'मूर्तिपूजा' हा शब्द उच्चारताच मराठी मन शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे वळते. पवित्र शास्त्राचा रोख मात्र वेगळा आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी सोन्याचे वासरू घडवले ते कोणा परक्याने नव्हे, तर मोशेचा सख्खा भाऊ अहरोन याने. आणि त्या वासरापुढे जो उत्सव जाहीर झाला, तो परमेश्वराच्याच नावाने. होशेय, यशया, यिर्मया या संदेष्ट्यांचे कठोर शब्दही प्रामुख्याने स्वजनांसाठीच होते.

याहून बोलके उदाहरण पितळी सर्पाचे आहे. अरण्यात सर्पदंशाने तळमळणाऱ्या लोकांसाठी देवाच्याच आज्ञेवरून मोशेने तो घडवला. पुढे शतकानुशतके लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस यहुदाचा राजा हिज्कीया याने त्याचे तुकडे केले. 'नहुश्तान' हे त्याचे नाव राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नोंदलेले आहे. देवाने दिलेली पवित्र वस्तूसुद्धा देवाची जागा घेऊ शकते, आणि ती दूर करण्याचे धैर्य भक्ताने स्वतःच्याच मंदिरात दाखवायचे असते, हा त्या कथेचा धडा होय.

संत पौलाने अथेन्समध्ये मूर्ती पाहिल्या तेव्हा त्याचा जीव तळमळला, हे खरे. तथापि त्याने हाती हातोडा घेतला नाही. तो बोलला, वाद केला, अज्ञात देवाच्या वेदीचा आधार घेऊन त्याने आपला संदेश मांडला. इफिस येथे दंगल उसळली तेव्हा तेथील नगरलेखकानेच जाहीरपणे सांगितले की, या माणसांनी ना आमचे देऊळ लुटले, ना आमच्या देवीची निंदा केली. परधर्मीयाने दिलेले हे प्रशस्तिपत्र प्रेषितांच्या कृत्यांत जपून ठेवलेले आहे.

सोळाव्या शतकातील गोव्यात हे प्रशस्तिपत्र आपल्याला राखता आले नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील व १५६७ मध्ये साष्टीतील देवळे राजसत्तेच्या बळावर पाडण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना घेऊन भक्तांनी जुवारी नदी ओलांडली व अंत्रुज महालात आश्रय घेतला. वाशीमच्या आख्यायिकेतील भय आणि गोव्याच्या इतिहासातील भय यांत फरक कोणता? एवढाच की, दुसऱ्या ठिकाणी भय घालणाऱ्या हातांत आपल्या धर्माचा क्रूस होता.

त्याच साष्टीत १५७९ मध्ये भारतात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे वेगळी वाट चोखाळली. देवळांबरोबर पुराणश्रवणही हिरावले गेलेल्या नवख्रिस्ती जनांसाठी त्यांनी ओवी छंदात 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. स्टीफन्स आपल्या काळाचेच होते, मूर्तिपूजेविषयी त्यांचे मत मवाळ नव्हते. परंतु शेजाऱ्याची भाषा त्यांनी आदराने आत्मसात केली. पाडलेल्या देवळांनी मने दुरावली. ओवीने ती जोडली.

ख्रिस्तसभेलाही हे उमगावयास दीर्घ काळ लागला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते नाकारू नये, असे घोषित केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली योजलेल्या हिंसक मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली.

मग ती आज्ञा आज निरर्थक ठरली काय? मुळीच नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात सत्ता, सुख, वंश, राष्ट्र व पैसा यांनाही मूर्तींच्या मालिकेत बसवले आहे. लोभ ही मूर्तिपूजाच, असे पौलाने कलस्सैकरांना फार पूर्वीच लिहिले होते. आपल्या चर्चमधील संतांच्या पुतळ्यांना दिलेला मान त्या संतांना पोहोचतो, आराधना मात्र एकट्या देवाची, हा निवाडा ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या परिषदेने दिलेला आहे. तो खराच, पण त्याच्या आड आपल्याला दडता येणार नाही. सणाच्या रोषणाईत शेजारच्या गावावर केलेली कुरघोडी, देणगीदाराच्या नावाची वेदीहून ठळक फरशी, बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनही कोरडी निघालेली आणि लग्न जुळवताना हमखास डोके वर काढणारी जात: हे आपले नहुश्तान होत.

हिज्कीयाने शेजारच्या राज्यातील देऊळ गाठले नाही. ज्या सर्पापुढे त्याच्या पूर्वजांनी धूप जाळला होता, तोच त्याने फोडला. आपल्यालाही घणाचा पहिला घाव घालावयाचा आहे तो आपल्याच उंबरठ्याच्या आत.