'शेवटचा प्रोग्राम' आणि त्यानंतरचे कारागीर

सन १९८१. ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचा एक प्रोग्राम विक्रीस आला. दावा नावातच होता : हा घेतला की दुसरा प्रोग्राम विकत घेण्याची गरज उरणार नाही. तो पडद्यावर प्रश्न विचारी आणि मिळालेल्या उत्तरांवरून बेसिक भाषेतील प्रोग्राम स्वतःच लिहून देई. प्रोग्रामरवाचून प्रणाली कशा उभाराव्यात, यावर जेम्स मार्टिन यांचा ग्रंथही त्याच सुमारास आला.

आज 'नो-कोड' साधनांमुळे स्वतंत्र विकासकांच्या मनात जी धास्ती आहे, ती अशी चाळीस वर्षांहून जुनी. ती कितपत खरी ठरली, हे पाहायचे तर व्हिज्युअल बेसिकचा इतिहास वाचावा.

१९८८ मध्ये अ‍ॅलन कूपर या एकांड्या विकासकाने आपले एक साधन बिल गेट्स यांना दाखवले. खिडकीवर बटणे, चौकटी, याद्या हव्या तशा मांडाव्यात, एवढीच त्यातली कल्पना. मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, त्याला बेसिक भाषा जोडली आणि १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक म्हणून बाजारात आणले. तोपर्यंत विंडोजवर एक साधी चौकट उघडायलाही सी भाषेत पानभर मजकूर लिहावा लागे. आता बटण ओढून ठेवायचे आणि ते दाबल्यावर काय घडावे, तेवढेच लिहायचे. पुढे आपल्याकडच्या संगणकवर्गांच्या पाट्यांवरही 'व्हीबी' ही अक्षरे झळकू लागली, ती उगाच नव्हे.

मग सी जाणणारे कारागीर उपाशी राहिले का? नाही. व्हिज्युअल बेसिकमध्ये बाहेरचे तयार सुटे भाग बसवण्याची सोय होती. त्यांना 'व्हीबीएक्स' म्हणत. कोणी आलेख काढणारा भाग विके, कोणी तक्ते मांडणारा. लहान लहान कंपन्यांची एक पेठच उभी राहिली. एकाने सुटे भाग घडवावेत, दुसऱ्याने ते जुळवून दवाखान्याची किंवा गोदामाची प्रणाली उभी करावी, अशी कामाची वाटणी झाली. गोदामाचा मालक मात्र स्वतः प्रोग्राम लिहू लागला, असे सहसा घडले नाही. साधन सोपे झाले, तरी हिशेबातील अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखणारा माणूस लागतच होता.

घाव आला तो दुसऱ्याच दिशेने. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिकची 'डॉट नेट' ही नवी आवृत्ती आणली. जुने व्हीबी प्रोग्राम तिच्यात जसेच्या तसे चालेनात. वर्षानुवर्षांचे काम पुन्हा लिहिण्याची पाळी आली. मार्च २००५ मध्ये जुन्या आवृत्तीचा मुख्य आधार संपणार होता. त्यापूर्वी मायक्रोसॉफ्टनेच गौरविलेल्या शंभरावर तज्ज्ञांनी अर्ज केला, की तिचा विकास चालू ठेवावा. कंपनी बधली नाही. माझ्या मते या इतिहासातील कळीचे पान हेच. ग्राहक स्वयंपूर्ण झाल्याने पोट मारले गेले नव्हते. हत्यार परक्याच्या मालकीचे होते, म्हणून मारले गेले.

हेच नाट्य २०१७ मध्ये पुन्हा घडले. साच्यातून किंवा अ‍ॅप बनवून देणाऱ्या सेवेतून तयार झालेली अ‍ॅपे नाकारण्याचा नियम अ‍ॅपलने केला. एकसारख्या अ‍ॅपांच्या गर्दीला कंटाळलेल्या स्वतंत्र विकासकाला हे रुचण्याजोगे होते. पण त्याच साच्यांवर गुजराण करणारे छोटे व्यावसायिकही स्वतंत्र विकासकच होते, आणि त्यांचे ग्राहक म्हणजे महागडा प्रोग्रामर न परवडणारी दुकाने व उपाहारगृहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य टेड ल्यू यांनी अ‍ॅपलला पत्र लिहून हरकत घेतली. डिसेंबरात नियम सैल झाला : साच्यातले अ‍ॅप चालेल, मात्र ज्याचा मजकूर त्यानेच ते सादर करावे. म्हणजे आता उपाहारगृहाच्या मालकालाही अ‍ॅपलकडे विकासक म्हणून स्वतःचे खाते उघडणे भाग पडले.