आपल्या जिल्ह्यातून जाणारा ‘श्रीलंकेचा रस्ता’ : एएच-43 म्हणजे काय?

बोरी अरब (ता. दारव्हा) : पांढरकवड्याकडून हैदराबादला जाणारा चौपदरी हायवे आपण सगळ्यांनी पाहिलाय. जुनी माणसं त्याला अजूनही ‘सात नंबर’ म्हणतात. 2010 मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हा भाग राष्ट्रीय महामार्ग 44 मध्ये गेला. पण याच रस्त्याला तिसरा एक क्रमांक आहे, एएच-43. हा क्रमांक आपल्या सरकारचा नाही, आशियातल्या देशांनी मिळून ठरवलेला आहे. कागदावर हा रस्ता आग्र्याहून निघतो आणि थेट श्रीलंकेतल्या मातारा शहरापर्यंत जातो.

आशियाई महामार्ग म्हणजे काय?

एका देशातून दुसऱ्या देशात रस्त्याने जाता यावं म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आशियातले मुख्य रस्ते एका जाळ्यात जोडले गेले. त्याचा करार 2003 मध्ये ठरला, 2004 मध्ये शांघायला सह्या झाल्या आणि 4 जुलै 2005 पासून तो लागू झाला. भारतही त्यात आहे. 40 ते 59 हे क्रमांक दक्षिण आशियासाठी राखून ठेवले आहेत. यासाठी नवा रस्ता बांधलेला नाही. आहे त्याच महामार्गाला हा जास्तीचा क्रमांक दिला आहे.

आपल्या जिल्ह्यात कुठून कुठे?

नागपूर, बुटीबोरी, हिंगणघाट करत हा रस्ता वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात येतो. पुढे वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा सुरू. तिथून हैदराबाद, बंगळुरू, कृष्णगिरी, मदुराई आणि शेवटी धनुष्कोडी.

बोरी अरबहून यायचं तर आधी यवतमाळ आणि तिथून पांढरकवडा.

मग ट्रक श्रीलंकेला जातो का?

नाही. धनुष्कोडीला रस्ता संपतो आणि समुद्र लागतो. पलीकडे श्रीलंकेतलं तलैमन्नार फक्त तीसेक किलोमीटरवर आहे, पण मध्ये पूल नाही. पूर्वी, 1914 पासून, धनुष्कोडीपर्यंत रेल्वे आणि पुढे बोट अशी सोय होती. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं. नंतर रामेश्वरमहून बोट चालली, तीही 1980 च्या दशकात बंद पडली. जमिनीच्या टोकापर्यंतचा पक्का रस्ता 2017 मध्ये खुला झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरैला बोट सुरू झाली, पण ती प्रवाशांसाठी आहे, ट्रकसाठी नाही.

आपल्या कापसाचा रस्ता वेगळा

शेजारच्या देशाला जोडणारा रस्ता म्हणून आपल्या शेतकऱ्याच्या कामाचा आहे तो पूर्वेकडचा. नागपूरला एएच-43 ला एएच-46 मिळतो. हा सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघून धुळे, अमरावती, नागपूर, रायपूर करत पश्चिम बंगालात खरगपूरला जातो. तिथून कोलकाता आणि पुढे बांगलादेशच्या हद्दीवरचं पेट्रापोल. इथे मध्ये समुद्र नाही, रस्ता सरळ पलीकडे जातो.

बांगलादेशात कापूस फारसा पिकत नाही, पण कापड गिरण्या आणि कपड्यांचे कारखाने भरपूर आहेत. त्यामुळे भारतीय रुईच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी तो एक. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधतात. त्या काही ट्रकने पेट्रापोलमार्गे, तर काही बंदरातून जहाजाने जातात. तिकडची मागणी थंडावली की त्याचा परिणाम इकडच्या भावावरही होतो. भाव घसरण्याचं हे एकमेव कारण नाही, पण माहीत असलेलं बरं.

शेतकऱ्याने काय लक्षात ठेवायचं?

एएच क्रमांक आहे म्हणून वेगळा टोल लागत नाही. त्या क्रमांकामुळे आपोआप कुणाची जमीनही जात नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची झाली तर 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार आधी राजपत्रात अधिसूचना निघते. तेव्हापासून 21 दिवसांच्या आत लेखी आक्षेप सक्षम अधिकाऱ्याकडे देता येतो. मुदत गेली की ऐकून घेणं अवघड होतं. म्हणून गट नंबर नीट तपासा, अर्जाची पोच घ्या आणि ती सांभाळून ठेवा.

राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला, गाडी बंद पडली किंवा जनावर आडवं आलं तर 1033 हा मोफत नंबर आहे. रुग्णवाहिकेसाठी 108.

शेवटची गोष्ट आपल्या गावाची. आशियाई करारात फक्त मोठे रस्ते येतात. शेतातून गावापर्यंतचा पांदण रस्ता, अडाण नदीवरचा पूल आणि यवतमाळची वाट त्या नकाशात नाही. पावसाळ्यात गाडी अडते ती इथेच. हायवे कितीही चांगला झाला तरी कापसाची गाडी तिथपर्यंत पोचायला हे दहा-वीस किलोमीटर धड हवेत, आणि त्यासाठी ग्रामसभेत ठराव घेऊन पाठपुरावा आपल्यालाच करावा लागेल.