भाषांचे भाऊबंद आणि भाषांचे शेजारी

सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागातील आपल्या ख्रिस्ती घरांविषयी एक समज फार दिवसांपासून रूढ आहे. या घरांतील बोली ‘पोर्तुगीज मिसळलेली’, म्हणून अर्धी परकी आणि अर्धी अशुद्ध, असे पुष्कळ जण म्हणतात. खेदाची गोष्ट ही की, आपल्यातील काही तरुण मातापित्यांनाही ते पटू लागले आहे. मुलांशी घरची बोली बोलायचीच नाही, असा नेम त्यांनी घालून घेतला आहे. म्हणून दोन भाषांमधील साम्य कशामुळे येते, हे एकदा नीट तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

हे साम्य मुख्यतः दोन कारणांनी येते : एक शेजार, दुसरे रक्त. शेजाराने शब्द येतात. पगार, लिलाव, चावी, फीत, पिंप, बटाटा, अननस, काजू, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. ते काही केवळ ख्रिस्ती घरांत राहिले नाहीत. मालवणच्या बाजारात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांच्या तोंडी ते आहेत. ‘नाताळ’ तर मराठीतील प्रत्येक दिनदर्शिकेत छापलेला असतो. उसना आणलेला तांब्या वापरला म्हणून कोणी आपले कूळ बदलत नाही.

रक्ताचे साम्य निराळे. आपण ‘सात’ म्हणतो, पोर्तुगीज ‘सेत’ म्हणतो. आपले ‘नाम’ ते त्याचे ‘नोम’, आपला ‘दंत’ तो त्याचा ‘देंत’. हे शब्द कोणी कोणाकडून घेतले नाहीत. वास्को द गामा 1498 साली भारताच्या किनाऱ्याला लागला, त्याच्या कित्येक शतके आधीपासून ते संस्कृतात आहेत. दोन्ही भाषा एकाच प्राचीन मूळ भाषेच्या लेकी, म्हणून हे साम्य.

हे नाते ज्यांना फार लवकर जाणवले, त्यांत ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे होते. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले. 1583 साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार कलकत्त्यात विद्वानांपुढे मांडला तो 1786 साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली रायतूर येथे छापून निघाले.

लिपी एक असली म्हणजे भाषा जवळच्या, असाही एक भ्रम आहे. त्यासाठी दूरची दोन उदाहरणे घेऊ. जर्मन आणि इथिओपियातील ओरोमो या दोन्ही भाषा आज रोमन लिपीत लिहिल्या जातात. सात या संख्येला जर्मन माणूस ‘झीबन’ म्हणतो, ओरोमो माणूस ‘तोर्बा’. नावाला जर्मन ‘नामं’ म्हणतो, ओरोमो ‘मका’. लिपी तीच, पण नाते नाही. ओरोमोचे दूरचे आप्त म्हणजे हिब्रू, अरबी आणि प्रभू येशू बोलत असे ती अरामी. उलट जर्मन ही आपल्या भाषांची लांबची बहीण. कोकणीत पाण्याला रोजच्या व्यवहारात ‘उदक’ म्हणतात. ते ‘उदक’ आणि जर्मनांचे ‘वासर’ एकाच धातूपासून निघाले आहेत. तो, ती, ते ही आपली तीन लिंगे जर्मनने राखली आहेत. पोर्तुगीजने मात्र नपुंसकलिंग गमावले.

वाक्यरचनेवरूनही फसगत होते. मराठीप्रमाणे ओरोमोतही क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. म्हणून काही ओरोमो आपली बहीण ठरत नाही. लिपी तर अंगरख्यासारखी बदलते. ओनेसिमोस नेसीब यांनी भाषांतरित केलेले ओरोमो बायबल 1899 साली इथिओपिक लिपीत छापले गेले; रोमन लिपी अधिकृतपणे आली ती 1991 नंतर. आपले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रोमन अक्षरांत छापले गेले आणि देवनागरीत आले ते 1956 साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून. अक्षरे बदलली, ओवी मराठीच राहिली.

आता आपल्या घरच्या बोलीकडे वळू. ‘माका’, ‘तुका’, ‘आसा’ ही रूपे म्हणजे ‘मला’, ‘तुला’, ‘आहे’ यांचा अपभ्रंश नव्हे. ती प्राकृतातून स्वतःच्या वाटेने आलेली आहेत. या भागातील कुडाळी बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या 1905 सालच्या भाषा सर्वेक्षणात आहे, आणि डॉ. अमृत घाटगे यांनी 1965 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. तिला मराठीची बोली म्हणावे की कोकणीची, हा वाद विद्वानांत चालू राहील. 1992 साली कोकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तरीही सीमेवरच्या बोली दोन्ही अंगणांत वावरतच राहिल्या. ती पोर्तुगीज आहे असे मात्र कोणत्याही जाणत्याने म्हटलेले नाही.

1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तेथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मान दप्तरात राहिले, भाषा टिकली. कारण चुलीपाशी, शेतात, होडीत माणसे तीच बोलत राहिली. आज तसे फर्मान काढणारा कोणी नाही. मुलांनी शाळेत प्रमाण मराठी उत्तम शिकावी, इंग्रजीही शिकावी. त्याने घरच्या बोलीचे काही बिघडत नाही. पण संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आजी नातवाला काही विचारते, तेव्हा त्याला तिच्याच बोलीत उत्तर देता यावे, एवढी काळजी आपण घरोघरी घेतली पाहिजे.